दुहेरी तुटक रेषा

सायकल चालवायला बोईसरला या, असं कुणाला म्हटलं की समोरचा आधी माझ्या तोंडाकडे बघतो. त्यात त्याचं काही चुकत नाही. बोईसर म्हणजे टँकर, ट्रेलर, पाळी सुटल्यावरची कोंडी आणि पावसाळी ढग खाली उतरले की नाकाला झोंबणारा वास. गाव बोईसर, पण औद्योगिक वसाहतीचं नाव तारापूर. खरं तारापूर खाडीकाठी आपलं निवांत पडलेलं, आणि १९६९ साली सुरू झालेलं देशातलं पहिलं अणुवीज केंद्रही त्याच्याच नावावर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषणाच्या तीव्रतेनुसार यादी केली, तेव्हा देशात पहिलं आलं तारापूर. धूर आमचा, नंबर त्यांचा, असं आम्ही कँटीनमध्ये म्हणायचो.

मी याच वसाहतीत एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. पंप, वॉल्व्ह, गळणारी सील, हेच माझं काम. सायकल हा माझा नाईट सुटल्यानंतरचा उद्योग. इतर लोक नाईट करून घरी जातात, पडदे ओढतात आणि झोपतात. मला ती झोप लागत नाही. डोक्यात कॉम्प्रेसर चालूच असतो. तो बंद करायला अर्धा दिवस मुरमावर घालवणं हा एकच उपाय मला सापडला आहे, आणि मुरूम या भागात मुबलक आहे.

बोईसरहून पूर्वेला चिल्हार फाट्यापर्यंत जाणारा रस्ता मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो. वसाहतीचा बहुतेक माल या रस्त्याने येतो-जातो, त्यामुळे त्यावर सायकल चालवणं म्हणजे जिवाशी खेळ. ट्रेलर ओलांडून जाताना हवा आधी बाजूला ढकलते आणि मग आत ओढते. शिवाय डंपरमधून सांडलेली खडी कडेला साचलेली असते, नेमकी सायकलच्या वाटेवर. पण वारांगड्याच्या पुढे, आसावा गडाच्या पायथ्याशी, आणि मग नागझरीच्या आजूबाजूला या रस्त्याला मुरमाचे फाटे फुटतात. एखाद्या फाट्यावर बांबूला लावलेला पाड्याचा बोर्ड, एखाद्यावर तेवढंही नाही. आत वळावं, आंब्याचं एक झाड, एक वळण, एक छोटी चढण, आणि ट्रकचा आवाज संपतो. इतक्या कमी अंतरात इतका बदल कसा होतो, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. महामार्ग, रेल्वे, वसाहत, समुद्र यांच्यामधे टेकड्यांची जी जागा उरली आहे, तिथे चारचाकी जवळजवळ जातच नाही.

परदेशात, विशेषतः फ्रान्सच्या डोंगराळ भागात, अशा वाटांवर सायकल चालवायला लोक सुट्टी काढून, पैसे मोजून जातात. त्यासाठी वेगळी सायकल निघाली आहे, तिला ग्रॅव्हल बाईक म्हणतात. वळलेलं हँडल, जाडसर टायर, मागे-पुढे सामान बांधायची सोय. गंमत अशी की शंभर वर्षांपूर्वी सगळ्याच सायकली ग्रॅव्हल बाईक होत्या, कारण सगळेच रस्ते कच्चे होते. १९१० साली तूर द फ्रान्स शर्यत पहिल्यांदा पिरेनीज पर्वतात तूरमाले घाटावर नेली, तेव्हा स्पर्धक खडी-मातीच्या रस्त्यावरूनच वर चढले. मधल्या काळात डांबर आलं, डांबरावर मोटारी आल्या, आणि आता सायकलवाले डांबर सोडून पुन्हा खडीकडे निघाले आहेत. माझी सायकल मात्र साधी हायब्रिड आहे. तिला चाळीस मिलिमीटरचे टायर बसवून घेतले, हवा पस्तीस पीएसआयच्या वर भरत नाही, एवढंच.

मुरूम म्हणजे कुजलेला काळा दगड. सह्याद्रीचा बेसाल्ट उन्हापावसाने सैल होत होत तांबूस-पिवळा होतो, हातात घेतला तर चुरतो. टेकडी खणून तो काढतात, पसरतात, पाणी मारतात, वर रोलर फिरवतात. नवा असताना तो इतका घट्ट बसतो की टायर नुसता गुणगुणतो. पहिल्याच पावसात वरचा बारीक भुगा वाहून जातो आणि आतली खडी उघडी पडते. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे जायची सोय नाही. चिखल ब्रेकमध्ये बसतो, चाक फिरेनासं होतं आणि सायकल खांद्यावर घेऊन चालावं लागतं. गणपती जातात, नवरात्र जातं, ऑक्टोबरचं ऊन आठ-दहा दिवस कडक पडतं, आणि मग एका सकाळी लक्षात येतं की रस्ता तयार झाला. ट्रॅक्टरच्या चाकांचे दोन पट्टे दाबून बसलेले असतात, मधोमध वाळायला लागलेलं गवत. उजव्या पट्ट्यावरून डाव्यावर जायचं तर मधली सैल खडी तिरकी कापायची नाही. चाक घसरतं. थोडं थांबून, पॅडलवर उभं राहून, चाक जवळजवळ आडवं करून जायचं. उतारावर पुढचा ब्रेक विसरायचा. ट्रॅक्टरने जिथे पन्हाळी पाडल्या आहेत तिथे हँडल घट्ट धरलं तर दात वाजतात, सैल धरलं तर सायकल आपली आपण वाट काढते. पंक्चर बहुधा खडीने होतच नाही, बाभळीच्या काट्याने होतं.

या भागातला सगळ्यात चांगला मुरूम सूर्या कालव्याच्या बांधावर आहे. सूर्या नदीवर वर धामणीचं धरण, त्याखाली कवडासचा बंधारा, आणि तिथून निघणारे डावा आणि उजवा असे दोन कालवे. चौदा हजार हेक्टरांहून अधिक जमीन भिजवायची म्हणून ते खोदले. कालव्याच्या एका अंगाने पाटबंधारे खात्याची जीप जाईल एवढा रस्ता ठेवलेला असतो, आणि ती जीप रोज येत नाही. रस्ता मग मोकळाच.

कालव्यावर चालवायला लागल्यापासून मला डोंगर वेगळा दिसायला लागला. कालव्याला चढता येत नाही आणि एकदम उतरताही येत नाही. किलोमीटरमागे जेमतेम वीतभर-हातभर उतार घेत त्याला पाणी न्यायचं असतं. म्हणून तो टेकडीच्या अंगाअंगाने जातो. घळ आली की आत शिरतो, सोंड आली की बाहेर येतो, अगदीच मोठा ओढा आला तर जलसेतूवरून पलीकडे. सरळ रेषेत समोर दिसणारा पाडा गाठायला हा रस्ता तिप्पट फिरवतो. पण त्या तिप्पट अंतरात चढ म्हणून लागत नाही. डोंगराळ मुलखात सपाट सायकल चालवायची असेल तर डोंगराची समतल रेषा शोधावी, आणि ती शोधायचं काम अभियंत्यांनी आधीच करून ठेवलं आहे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली भातखाचरं. डिसेंबरात पाणी सोडलं की कालव्याकाठची मुलं त्यात उड्या मारतात, बाया कपडे धुतात, आणि अस्तर फुटलेल्या जागी पाझर लागून रस्ता पुन्हा चिखलाचा होतो.

दक्षिण फ्रान्समधला मिदी कालवा पिएर-पॉल रिके नावाच्या माणसाने खोदवून घेतला. तूलूझपासून भूमध्य समुद्रापर्यंत दोनशे चाळीस किलोमीटर. १६८१ साली तो वाहता झाला, त्याच्या काही महिने आधी रिके वारला. त्याच्या काठाने घोडे चालायचे, दोराने मालाच्या होड्या ओढत. आता घोड्यांच्या त्या वाटेवर सायकली चालतात आणि १९९६ पासून कालवा जागतिक वारशाच्या यादीत आहे. आपल्याकडचं पाटबंधारे खातं असं काही करील अशी माझी अपेक्षा नाही. खात्याने आधी गळती थांबवावी. सूर्येच्या पाण्यातला मोठा वाटा आता पाइपांतून वसई-विरारकडे जातो आणि टोकाच्या शेतकऱ्यांपर्यंत कालव्याचं पाणी पोचत नाही ही तक्रार जुनी आहे. सायकलवाल्याच्या सोयीचा विषय तिथे काढायला तोंड धजत नाही.

कालवा सोडला की मग वाटा शोधाव्या लागतात, आणि त्यासाठी मोबाइलमधला नकाशा फारसा कामाचा नाही. त्यात डांबर दिसतं, मुरूम निम्मा दिसतो, पायवाट दिसतच नाही. माझं काम होतं गावनकाशावर, म्हणजे तलाठ्याकडच्या त्या जुन्या नकाशावर. त्यात गट नंबरांच्या मधून दुहेरी तुटक रेषा जाते ती गाडीवाट, एकेरी तुटक रेषा म्हणजे पायवाट. गाडीवाट साडेसोळा ते एकवीस फूट, पायवाट सव्वा आठ फूट. कागदावर ही रुंदी अजून जिवंत आहे. जमिनीवर बांध सरकत सरकत साडेसोळाचे सहा झालेले असतात. शेजाऱ्याने वाट अडवली तर तहसीलदाराकडे जाता येतं. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चा, त्याचं कलम ५ अडवलेली वाट मोकळी करण्यासाठी, आणि जमीन महसूल संहिता १९६६ ची, तिचं कलम १४३ बांधावरून नवी वाट मागण्यासाठी. महाराष्ट्रात दिवाणी वैराची निम्मी मुळं या दोन कलमांच्या आसपास सापडतील. फ्रान्समध्येही असंच काहीसं आहे. तिथे शेतांमधून जाणाऱ्या गाववाटा कायद्याने गावाच्या मालकीच्या, कुणालाही खुल्या, आणि तिथेही शेतकऱ्यांनी त्या नांगरून टाकल्याच्या तक्रारी आहेत. माणूस इथून तिथून सारखाच.

फरक कुठे आहे ते मला माझ्या भाच्यामुळे कळलं. तो क्लेरमाँ-फेराँला असतो, टायरच्या कंपनीत. शनिवार-रविवार सायकल काढतो आणि मला फोटो पाठवतो. मासीफ साँत्रालच्या टेकड्या, दोन्ही बाजूंना दगडी कुंपणं, मधून पांढरट खडीची वाट, वर कुठेतरी चर्चचं टोक. एकदा त्याने लिहिलं, मामा, दोन तासांत एक माणूस भेटला नाही, एक गाडी नाही, पाणी मागायला घर आहे पण घराला कुलूप. त्याला ते फार आवडलं होतं. मलाही फोटो आवडले. पण कुलूप डोक्यात राहिलं. लोक गेले कुठे?

तो ज्या भागात फिरत होता त्याचं नाव क्रूझ. क्लेरमाँला लागूनच असलेला जिल्हा म्हणा ना. १८५१ साली तिथे दोन लाख सत्त्याऐंशी हजार माणसं राहत होती. आज एक लाख पंधरा हजारांच्या आसपास राहतात. जमीन हलकी, कुटुंबं मोठी, शेतीवर वर्ष निघत नाही. म्हणून तिथले पुरुष दर वर्षी मार्चमध्ये गाव सोडत आणि चालत पॅरिसच्या दिशेने निघत. तिथे गवंडीकाम करत आणि हिवाळ्यात परत येत. पॅरिसची ती प्रसिद्ध रुंद वाटांची, एका उंचीच्या इमारतींची रचना ओसमान नावाच्या माणसाने आखली, पण दगडावर दगड ठेवला तो मोठ्या प्रमाणावर क्रूझच्या गवंड्यांनी. त्यांच्यातलाच एक मार्तँ नादो, १८१५ सालचा जन्म. चौदाव्या वर्षी, १८३० साली, बापाबरोबर पायी निघाला. पुढे तो खासदार झाला, हद्दपार झाला, परत आला आणि म्हातारपणी त्याने आपल्या गवंडीपणाच्या आठवणी लिहिल्या. म्हणून आज आपल्याला त्या चालत जाणाऱ्या टोळ्या माहीत आहेत. नाहीतर इमारत उभी राहिल्यावर गवंडी कोण होता हे कोण विचारतं.

काही पिढ्या असंच चाललं. जायचं, यायचं. मग रेल्वे आली, बायकामुलं बरोबर जायला लागली, हिवाळ्यात परत येण्याचं कारण उरलं नाही. घरं उरली, वाटा उरल्या. शंभर-सव्वाशे वर्षांनी त्याच वाटांवर माझा भाचा दोन तास एकही माणूस न भेटता सायकल चालवतो.

क्रूझचं हे सगळं वाचलं तेव्हा मी माझ्या सायकलीच्या हंगामाचा हिशेब मांडला. माझा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीच्या सुमारास संपतो. त्यानंतर ऊन सोसवत नाही. आणि नेमक्या याच दिवसांत डहाणू, विक्रमगड, जव्हार, मोखाड्याचे पाडे ओस पडतात. भात झोडून झालेलं असतं, दुसरं पीक घ्यायला पाणी नसतं, आणि वसई, भिवंडीकडच्या वीटभट्ट्या पेटायला लागतात. मालकाचा बयाणा पावसाळ्यातच घरात येऊन खर्च झालेला असतो. दुखणं, लग्न, बी-बियाणं, काही ना काही निघतंच. तो फेडायला अख्खं कुटुंब जातं. माती मळायची, साच्यात थापायची, सुकवायची, भट्टी रचायची. आठवड्याला खर्ची मिळते, तिच्यात चूल चालते, हिशेब हंगाम संपल्यावर. होळीला चार दिवस गावी यायचं, पुन्हा जायचं ते पाऊस पडेपर्यंत. विरारच्या बाजूने लोकलने येताना ज्या नव्या इमारती मोजता मोजवत नाहीत, त्यांच्या विटांत हे हात आहेत.

म्हणजे मला ज्या महिन्यांत वाट शांत वाटते, त्या महिन्यांत ती शांत का असते याचं कारण वाऱ्यात नाही, झाडांत नाही.

एकदा भाऊबीज नुकतीच झालेली होती. कालव्याच्या वरच्या अंगाला, सागाच्या रोपणाच्या पलीकडे, एका पाड्यावर पोचलो तर पिकअप उभी. सकाळचे आठ. मागच्या हौद्यात तांदळाच्या दोन गोण्या, गोधड्यांची गाठोडी, अ‍ॅल्युमिनियमची पातेली एकात एक बसवून सुतळीने बांधलेली, एक प्लास्टिकची घागर, आणि उलट्या टोपलीखाली तीन कोंबड्या. टोपलीवर एक दगड, तरी एक कोंबडी मान बाहेर काढून बघत होती. बाई कुडाच्या झोपडीचं दार ओढून घेत होती. दाराला कडी होती, कुलूप नव्हतं. तिने कडी लावून बाभळीची एक काटेरी फांदी दारात आडवी टाकली. गुरांसाठी, म्हणाली. गुरं होती दोन, ती दिराकडे राहणार होती. तिची मुलगी, आठवीतली असेल, पडवीतल्या वाशाला सायकल उलटी टांगायच्या खटपटीत होती. उंची पुरेना म्हणून मी हात लावला. शाळेतून मिळालेली सायकल, चाकांना चिखल सुकलेला, मागचा मडगार्ड तारेने बांधलेला.

एक म्हातारा खाटेवर बसून हे सगळं बघत होता. तो जाणार नव्हता. कुठे चालले, विचारलं, तर म्हणाला, खानिवड्याकडं. मग मला विचारलं, "तू कशाला येतो इकडं? परवा पण तुला पाहिला."

"सायकल चालवायला, बाबा. रस्ता चांगला आहे."

"रस्ता?" तो पोरासारखा हसला. "रस्ता कुठं आहे? तो तर आम्ही मागतोय."

त्या म्हाताऱ्याने मला नीट सांगितलं ते असं. पावसात कुणी आजारी पडलं तर झोळी करून दोन बांबूंवर डांबरापर्यंत न्यायचं. बाळंतीण असली तरी तेच. रुग्णवाहिका फाट्यावर थांबते, आत येत नाही. भात विकायला न्यायचा तर गाडीवाला मुरमाचे जास्त पैसे मागतो. मुलं जून ते सप्टेंबर अर्धे दिवस शाळेत जात नाहीत. सायकली त्यांना मिळतात, मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना, पण सायकल रस्त्यावर चालते ना. ही सायकल बघ, म्हणाला, पावसाळाभर अशीच टांगलेली असते, आता पण टांगली.

या मुली या भागातल्या खऱ्या ग्रॅव्हल सायकलवाल्या आहेत. गिअर नाही, बारीक टायर, कॅरिअरवर दप्तर, कधी त्यावर धाकटा भाऊ. उतारावर दोन्ही पाय जमिनीवर घासत ब्रेक लावतात. मी सैल खडीवरून उतरताना जी कसरत करतो, ती त्या गप्पा मारत करतात. फरक एवढाच की हे त्यांच्या छंदाचं काम नाही, आणि डांबर आलं तर त्यांना वाईट वाटणार नाही.

मला वाटेल का? प्रामाणिकपणे सांगायचं तर हो. मुरमाच्या रस्त्यावर डांबर पडलं की पहिल्या महिन्यात मोटरसायकली येतात, वर्षाच्या आत डंपर येतो, कारण आत टेकडी आहे आणि टेकडीत मुरूम आहे. माझ्यासारख्याचं तिथलं काम संपतं. पण या दोन इच्छा एका तराजूत घालायच्याच नसतात. झोळीतल्या बाईसमोर माझी सायकल ठेवायची म्हणजे निर्लज्जपणा आहे. सायकलवाल्यांच्या गप्पांत कधी कधी सूर लागतो की आदिवासी भाग असाच राहायला हवा, विकासाने खराब होतो. असं बोलणाऱ्याने एकदा जुलैत त्या पाड्यावर मुक्कामाला जावं.

रस्ता का झाला नाही, याला कारणंही आहेत. पंतप्रधान ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली, तिच्यात सपाट भागात पाचशे आणि डोंगरी-आदिवासी भागात अडीचशे लोकवस्तीची अट. पालघरचे पाडे एका जागी नाहीत. वारली घरं शेताजवळ, विखरून बांधलेली. गाव अडीच हजारांचं असलं तरी त्याचे पाडे बारा-पंधरा, आणि एखाद्या पाड्याला अडीचशे माणसं जमवायची तर लग्नाचे पाहुणे मोजावे लागतील. दुसरं कारण जंगल. वाटेचा मधला तुकडा वनखात्याच्या हद्दीत गेलेला असतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात त्याला वाट आहे, ग्रामसभेने शिफारस केली तर रस्त्यासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. पण त्यासाठी ठराव हवा, मोजणी हवी, कागद एका टेबलावरून दुसऱ्यावर हलायला हवा. आणि ठरावाला हात वर करणारी माणसं हिवाळ्यात भट्टीवर.

या वाटांवरून १९४५ साली गोदावरी परुळेकर पायी हिंडल्या, तेव्हा प्रश्न वेठीचा होता. जमीनदाराच्या शेतावर, ठेकेदाराच्या जंगलात फुकट राबायचं नाही, हे सांगायला त्या पाड्यापाड्यावर गेल्या. वेठ गेली. मात्र तलासरी-डहाणूच्या टेकड्यांतून फिरताना त्यांचं आत्मकथन आठवतं तेव्हा मला नेहमी एक गोष्ट जाणवते. त्यांनी ज्या वाटेने जायचं वर्णन केलं आहे, तिथल्या काही वाटा आजही तशाच आहेत, आणि बयाण्याचा हिशेब आजही कामगाराच्या हातात नाही.

क्रूझमध्ये लोक गेले म्हणून वाट मोकळी झाली. इथे वाट मोकळी आहे कारण डांबर कधी आलंच नाही. वरून दोन्ही फोटो सारखे दिसतात. माझा आणि भाच्याचा एकेक फोटो शेजारी ठेवला तर दगडी कुंपणाऐवजी शिंदीची झाडं, चर्चऐवजी वर आसाव्याचा कडा, एवढाच फरक. पण हे जे आज हंगामी जाणं आहे ते क्रूझसारखं कायमचं होईल का, हा प्रश्न मला बोईसरच्या रेल्वे स्टेशनवर नेहमी पडतो. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावते. पाड्यावरची तरुण मुलं आता भट्टीवर जायला तयार नाहीत, ती आमच्या वसाहतीत ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून येतात, खोल्या घेऊन राहतात, लोकलने विरारला जातात. काही परत जात नाहीत. त्यांनी का जावं, हेही मला सांगता येणार नाही.

सगळं काही मोकळं राहणारच नाही, हे मात्र दिसतंच आहे. महामार्गाच्या पूर्वेला मुंबई-बडोदा द्रुतगती मार्ग. बोईसरजवळ बुलेट ट्रेनचं स्थानक. ३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराची पायाभरणी झाली, त्या बंदराला जोडणारा सुमारे बत्तीस किलोमीटरचा रस्ता वरोरहून तव्याकडे आखला आहे. यांतल्या काही कामांनी मोठे भराव टाकले आणि भरावाच्या कडेने कामाच्या गाड्यांसाठी मुरमाचे लांबलचक रस्ते केले. काम थांबलेलं असेल त्या दिवशी मी त्यांच्यावरही चालवली आहे सायकल. सपाट, रुंद, सरळ, आणि पूर्ण कंटाळवाणे. सावली नाही, वळण नाही, माणूस नाही. रखवालदार हटकतो, तेवढाच काय तो संवाद. नुसती मोकळी खडी म्हणजे सायकलसाठी चांगली वाट, असं म्हणणाऱ्याला मी तिथे घेऊन जाईन.

पालघर-मनोर रस्त्यावरची वाघोबा खिंड बरी त्यापेक्षा, गाड्या असल्या तरी. तिथे वाघोबाच्या देवळाशी प्रत्येक ट्रकवाला क्षणभर तरी थांबतो, माकडं सायकलच्या पिशवीकडे टक लावून बसतात, आणि वर काळदुर्गावर चढणाऱ्या पोरांच्या आरोळ्या ऐकू येतात. वाघोबा हा वारल्यांचा देव, बिबट्या अजून इथल्या रानात आहे, आणि पहाटे सायकलवरून खिंडीत पोचल्यावर हात आपोआप जोडले जातात. श्रद्धेचं माहीत नाही, घाबरल्यामुळे असेल.

पिकअप उभी होती त्या पाड्याचं म्हणाल तर मागच्या पावसाळ्याआधी तिथे ग्रामसभा झाली आणि रस्त्याचा ठराव झाला. सगळे भट्टीवरून परतल्यावर, मृगाच्या आधी, असा मुहूर्त म्हाताऱ्याने मुद्दाम धरला होता. पुढच्या वेळी गेलो तर त्याने खाटेखालून प्लास्टिकच्या पिशवीतला गावनकाशा काढून दाखवला. कडेला भाताचं तूस चिकटलेलं. दुहेरी तुटक रेषेवर कुणीतरी लाल पेन फिरवलं होतं, आणि मधे जिथे जंगल सुरू होतं तिथे पेन थबकून गोल केलेला. तेवढ्याचाच घोळ आहे, म्हणाला. तो सुटला की झालं. मी मोबाइलमध्ये तहसीलच्या अर्जाचा मसुदा शोधून दिला, मुलीने तो वहीत उतरवून घेतला. ती आता नववीत होती आणि तिला अक्षराचा अभिमान होता. मग म्हाताऱ्याने विचारलं की रस्ता झाल्यावर तू येशील का इकडं. येईन की, म्हटलं, पण सायकल दुसरीकडे चालवीन. त्याने नकाशा पुन्हा उलगडला आणि टेकडीच्या पलीकडे बोट ठेवून मला आणखी एक वाट दाखवली. एकेरी तुटक. तिकडून पूर्वी बैल न्यायचे, म्हणाला, आता कोणी जात नाही, कुडा वाढलाय, कोयता घेऊन ये.